शिकागो वधारलं की लातूरचा मोंढा खरंच हलतो का? आणि ते शहर आहे तरी काय?

प्रश्न : वाचनकट्टा_औसा

नमस्कार मंडळी. सोयाबीनच्या ग्रुपवर रोज सकाळी एक मेसेज फिरतो: 'शिकागो बीन १०४०, तेल ५०, पेंड ३००'. त्याखाली अर्धे लोक म्हणतात आज मोंढ्यात (धान्य बाजारात) भाव चढणार, अर्धे म्हणतात शिकागोचा अन् आपला काडीचा संबंध नाही. दोन्ही बाजू ठासून बोलायल्यात, पण हिशोब कुणीच मांडीना.

त्या १०४० चे क्विंटलमागे रुपये किती, हे हवं आहे. आणि जगात एवढी शहरं असताना धान्याचा भाव नेमका शिकागोतच का ठरतो, हेही. आपल्याला शिकागो म्हटलं की विवेकानंदांचं भाषण आणि उंच इमारती, त्यापुढं काही नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं, लांबलं तरी चालेल.

उत्तर १ : गंजगोलाई

आधी शहर, भावाचं नंतर कुणी तरी लिहीलच.

नकाशावर मिशिगन सरोवराचं खालचं टोक बघा. शिकागो तिथं आहे. सरोवरांतून गलबतांनी आणि पुढं कालव्यानं माल पूर्वेकडं न्यूयॉर्कपर्यंत जायचा आणि शहराच्या पश्चिमेला हजारो चौरस मैलांची काळीभोर, सपाट, झाडं नसलेली जमीन. आपल्या काळ्या रानासारखीच, फक्त दगड-मुरूम न लागणारी. मधे एक छोटा उंचवटा, त्याच्या एका अंगाचं पाणी सरोवराकडं जातं आणि दुसऱ्या अंगाचं मिसिसिपीकडं. १८४८ साली इलिनॉय-मिशिगन कालवा खोदून हा उंचवटा ओलांडला. त्याच वर्षी पहिली रेल्वे निघाली आणि त्याच वर्षी व्यापाऱ्यांनी 'बोर्ड ऑफ ट्रेड' काढलं. आपल्या लातूरच्या गंजगोलाईला जसे सोळा रस्ते येऊन मिळतात, तसे पुढच्या आठ-दहा वर्षांत या गावाला दहा मोठे लोहमार्ग येऊन मिळाले. १८४० मध्ये साडेचार हजारांच्या आत लोकवस्ती होती, १८९० मध्ये ती अकरा लाखांच्या घरात गेली.

पण नुसते रस्ते मिळाले म्हणून भाव ठरवायचा मान मिळत नाही. खरी गोष्ट पोत्याची आहे.

रेल्वे यायच्या आधी गहू पोत्यात यायचा, पोत्यावर शेतकऱ्याची किंवा व्यापाऱ्याची खूण. माल विकेपर्यंत जोखीम मूळ मालकाची. मिसिसिपीकाठच्या सेंट लुईस शहराच्या बंदरात हमाल पोती पाठीवर वाहायचे. शिकागोत वाफेवर चालणारे एलेव्हेटर आले. एलेव्हेटर म्हणजे उंच कोठारं, ज्यांत बादल्यांच्या पट्ट्यानं सुटं धान्य वर चढवतात आणि खालून पुन्हा गाडीत किंवा जहाजात सोडतात. पोतं गेलं, हमाली वाचली, पण नवीन अडचण आली. दहा जणांचा गहू एकाच कप्प्यात ओतला तर कुणाचा कुठला?

त्यावर बोर्डानं १८५६ पासून प्रत ठरवायला घेतली. गव्हाच्या जाती, मग प्रत्येक जातीत नंबर १, नंबर २, नंबर ३. नंबर २ चा माल टाकला की नंबर २ ची पावती, आणि परत उचलताना नंबर २ चाच कुठलाही माल. तुमचेच दाणे मिळतील असं नाही. इथंच धान्य आणि मालक यांची फारकत झाली. पावती हातोहात विकायला लागले, बँका त्यावर कर्ज द्यायला लागल्या. पावती विकता येते म्हटल्यावर पुढच्या महिन्यात येणाऱ्या मालाची पावतीही आजच विकता येते. वायदा तो हाच.

यात लबाडी कुठं होती तेही सांगतो, कारण आपल्याकडं अजून तीच चालते. एलेव्हेटरवाले हलकी प्रत विकत घ्यायचे आणि वरच्या प्रतीत अगदी मर्यादेपर्यंत मिसळायचे. नंबर १ ला जेवढा कचरा चालतो तेवढा काठोकाठ भरायचा. शेतकऱ्यानं आणलेला चांगला माल मात्र एखाद्या टक्क्यासाठी नंबर २ मध्ये ढकलायचा. याविरुद्ध शेतकऱ्यांनी एवढा गदारोळ केला की १८७१ मध्ये इलिनॉय राज्यानं प्रत तपासणी आपल्या हातात घेतली आणि कोठाराच्या भाड्याला कमाल मर्यादा घातली. कोठारवाले सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८७७ मध्ये हरले. 'मन विरुद्ध इलिनॉय' (मन हे कोठारवाल्याचं आडनाव) या निकालावर अमेरिकेत खासगी धंद्यावर सरकारी नियंत्रणाचं तत्त्व उभं आहे.

उत्तर २ : डीओसी_वाला

गोलाई सरांनी पाया घातला. मी आकडे मांडतो, सोबत कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

शिकागोत सोयाबीनचा भाव प्रति बुशेल सेंटमध्ये असतो. बुशेल हे मूळचं आपल्या पायलीसारखं माप, पण आता वजनात बांधलेलं आहे. सोयाबीन आणि गहू ६० पाउंड, मका ५६ पाउंड. सोयाबीनचा बुशेल म्हणजे २७.२१५५ किलो, म्हणून एका क्विंटलमध्ये ३.६७४ बुशेल बसतात.

१०४० सेंट म्हणजे १०.४० डॉलर. गुणिले ३.६७४ = ३८.२१ डॉलर क्विंटल. डॉलर ८५ रुपये धरा (रोजचा दर तुम्ही टाका), तर झाले सुमारे ३,२४८ रुपये. एक सौदा ५,००० बुशेलचा, म्हणजे १३६ टनांचा. भाव पाव सेंटनं हलतो, म्हणजे एका सौद्यावर साडेबारा डॉलर. वायद्याचे महिने जानेवारी, मार्च, मे, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर. नोव्हेंबरचा वायदा त्यांच्या नव्या पिकाचा. मेसेजमध्ये महिना लिहिलेला नसला तर तो मेसेज निम्मा बिनकामाचा, कारण जुलै आणि नोव्हेंबरच्या भावात कधी कधी मोठी तफावत असते.

आता ३,२४८ बघून कुणी म्हणेल, मग आपला हमीभाव २०२५-२६ ला ५,३२८ कसा? बाहेरून माल आणून कुणी विकत का नाही? कारण तिथलं बहुतेक सोयाबीन जनुकीय बदल केलेलं आहे आणि तसलं बी भारतात आयात करता येत नाही. त्यामुळं शिकागोचं *बी* आणि लातूरचं *बी* यांची थेट गाठच पडत नाही. 'काडीचा संबंध नाही' म्हणणारे इथवर बरोबर आहेत.

संबंध येतो तो तेलातून. सोयाबीन हे तेलबी म्हणवतं, पण क्विंटलमधून तेल निघतं साधारण १८ किलो, आणि पेंड (तेल काढणारे प्लांटवाले तिला डीओसी म्हणतात) ८० ते ८२ किलो. प्लांटचा खरेदी दर याच दोन गोष्टींवर बसतो. समजा तेल १२० रुपये किलो आणि डीओसी ३४ रुपये किलो:

तेल १८ × १२० = २,१६०
डीओसी ८१ × ३४ = २,७५४
एकूण ४,९१४. त्यातून प्रक्रिया खर्च आणि प्लांटचा नफा समजा ३०० वजा, म्हणजे प्लांटपोच ४,६१४. त्यातून वाहतूक, हमाली, आडत, बाजार फी काढली की मोंढ्यात सौदा कुठं निघेल ते कळतं.

खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आपण आयातीवर भागवतो. कच्चं सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून येतं आणि त्याचा भाव शिकागोच्या तेलावर अमुक प्रीमियम किंवा डिस्काउंट असा लावतात. शिकागोत तेल पाउंडाला सेंटमध्ये. ५० सेंट म्हणजे टनाला १,१०२ डॉलर, ८५ च्या डॉलरनं किलोला ९३ रुपये ६७ पैसे, भाडं आणि आयात शुल्क सोडून. शिकागोचं तेल १ सेंटनं वाढलं तर किलोला १.८७ रुपये, त्यावर साडेसोळा टक्के शुल्क धरून २.१८ रुपये, आणि १८ किलोनं गुणलं तर क्विंटल सोयाबीनमागे साधारण ४० रुपये. हा एक आकडा पाठ करून ठेवा. बी १०४० वरून १०६० झालं म्हणून उड्या मारण्यापेक्षा तेल किती सेंटनं हललं ते बघा.

पेंडीचं वेगळंच. शिकागोत पेंड 'शॉर्ट टन' म्हणजे ९०७ किलोवर, ३०० चा भाव म्हणजे आपल्या टनाला ३३१ डॉलर. पण आपली डीओसी मुख्यतः देशातल्या कोंबडीखाद्याला जाते. तिचा भाव पाडला तो इथेनॉल कारखान्यांतून निघणाऱ्या मका-तांदळाच्या डीडीजीएस नावाच्या स्वस्त पेंडीनं. डीओसी १ रुपयानं पडली की क्विंटलमागे ८१ रुपये गेले. म्हणजे शिकागोचं तेल दोन सेंट चढलं तरी इथं डीओसी एका रुपयानं उतरली तर दोन्हीची बरोबरी. 'शिकागो वाढलं तरी मोंढा हलेना' या तक्रारीचं निम्मं उत्तर यात आहे.

उरलेलं निम्मं दिल्लीत. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं (अधिभारासह २७.५), आणि ३० मे २०२५ ला ते १० टक्क्यांवर आणलं (अधिभारासह १६.५). अकरा टक्क्यांचा हा फरक शिकागोच्या पाच-सहा सेंटांएवढा आहे. एका अधिसूचनेनं होणारी हालचाल करायला शिकागोला कित्येकदा महिना लागतो.

उत्तर ३ : गोदाकाठ_नांदेड

डीओसी भाऊ, हिशोब चोख. २०२१ चं उदाहरण जोडतो. शिकागो मे महिन्यात १६ डॉलरच्या वर जाऊन उतरायला लागलं होतं, आपला मोंढा मात्र ऑगस्टच्या सुरुवातीला दहा हजारांच्या आसपास होता. कारण देशातला माल संपला होता आणि कोंबडीवाले अडले होते. मग केंद्रानं जनुकीय बदल केलेल्या बियांची १२ लाख टन *पेंड* आणायला परवानगी दिली, पाठोपाठ नवी आवक आली आणि भाव कोसळला. त्यात शिकागोचा हात फारसा नव्हता. २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीनचा देशी वायदाही बंद झाला आणि बंदीला मुदतवाढ मिळत गेली. घरचा आरसा फुटला, म्हणून लोक शेजाऱ्याच्या आरशात तोंड बघायलेत.

गोलाई सरांच्या लेखात एक भर. वायदा १८४८ पासून होता असा समज होईल, तसं नाही. १८४८ ला फक्त बोर्ड स्थापन झालं. पुढच्या तारखेचे सौदे आधी दोघांतले खासगी करार होते. प्रमाणित वायदा, दोघांनी अनामत भरायची वगैरे नियम १८६५ चे. सोयाबीनचा वायदा तर १९३६ चा, तेल आणि पेंडीचे त्यानंतर १९५० आणि १९५१ चे.

आणि भाव 'अडवायचे' खेळ तिथंही भरपूर झाले. १८९७-९८ मध्ये जोसेफ लायटर नावाच्या तरुणानं शिकागोतला सगळा गहू आवळायचा घाट घातला. विरुद्ध बाजूला मांस व्यापारी फिलिप आर्मर. त्यानं ऐन हिवाळ्यात बोटी लावून गोठलेल्या सरोवरातला बर्फ फोडला आणि उत्तरेकडचा गहू शिकागोत आणून ओतला. जूनपर्यंत लायटर बुडाला. सोयाबीनमध्ये १९८९ ला इटलीच्या फेरुझी कंपनीचे सौदे एवढे फुगले की बोर्डानं जुलैमध्ये आणीबाणीचा आदेश काढून ते कमी करायला लावले.

उत्तर ४ : पाटीपेन्सिल

सगळे भावातच अडकलेत, शहराच्या संस्कृतीचं कुणी तरी लिहा म्हणून मीच लिहिते.

'शिकागो' हे नाव स्थानिक मायामी-इलिनॉय लोकांच्या भाषेतून आलं. तिथं नदीकाठी उगवणाऱ्या उग्र वासाच्या रानलसणासारख्या पाल्याचं ते नाव. पहिला कायमचा बाहेरचा रहिवासी ज्याँ बाप्तिस्त प्वाँ दु साब्ल, आफ्रिकी वंशाचा व्यापारी, १७८० च्या दशकातला.

८ ऑक्टोबर १८७१ ला लागलेल्या आगीत सुमारे ३०० माणसं मेली, १७ हजारांवर इमारती जळाल्या आणि एक लाख लोक उघड्यावर आले. गाव लाकडाचं होतं, फुटपाथसुद्धा फळ्यांचे. पण रेल्वे आणि गुरांचा मोठा बाजार बऱ्याच अंशी वाचला, म्हणून धंदा थांबला नाही. जळालेल्या जागेवर पोलादी सांगाड्याचं बांधकाम आलं. १८८५ ची होम इन्शुरन्स इमारत दहा मजली होती, गगनचुंबी इमारतींची सुरुवात तिच्यापासून धरतात. पुढं १९७० च्या दशकात ११० मजल्यांचा, ४४२ मीटरचा सीअर्स टॉवर झाला. त्याचे रचनाकार अभियंता फजलुर रहमान खान मूळचे ढाक्याचे. नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधून त्या वेगवेगळ्या उंचीवर सोडायच्या, म्हणजे वारा एकसंध भिंतीवर आदळत नाही आणि पोलादही कमी लागतं, ही त्यांची युक्ती.

विवेकानंदांबद्दल: ११ सप्टेंबर १८९३, सर्वधर्म परिषद, आज जिथं आर्ट इन्स्टिट्यूट आहे ती इमारत. ते 'शून्यावर बोलले' ही शाळेत फिरणारी गोष्ट खोटी आहे. पहिलं भाषण लहान होतं, स्वागताला उत्तर म्हणून दिलेलं, आणि विषय सहिष्णुता. परिषद त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनाचा भाग होती. कोलंबस अमेरिकेत पोचल्याला चारशे वर्षं झाली म्हणून भरवलेलं प्रदर्शन, त्यातच जगातला पहिला फेरिस पाळणा. जत्रेत आपण बसतो तो त्याचाच वंशज.

१ मेची सुट्टीही या शहराकडूनच आली. आठ तासांच्या कामासाठी १ मे १८८६ पासून संप, ४ मेला हेमार्केट चौकात बॉम्ब, गोळीबार, पुढं चार जणांना फाशी. आपल्याकडं त्या दिवशी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन होतं आणि कामगार दिन बाजूला राहतो.

विसाव्या शतकात दक्षिणेकडच्या कापूस पट्ट्यातून लाखो कृष्णवर्णीय लोक रेल्वेनं इथं कामाला आले. ते आपलं गाणं घेऊन आले, आणि गर्दीच्या क्लबांतल्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून त्याला विजेची गिटार लागली. गायक मडी वॉटर्स १९४३ ला आला. शिकागो ब्लूज म्हणतात ते हे.

वाचनकट्टा_औसा

ताई, सर, सगळ्यांचे आभार. पोट भरलं. तीन शंका राहिल्यात. हे आकडे आपल्या घड्याळात कधी बघायचे? ओलाव्याची कटती तिथं कशी असते? आणि एक जण मोबाइलवरून शिकागोचे सौदे करून देतो म्हणतो, ते चालतं का?

उत्तर ५ : डीओसी_वाला

शेवटची आधी. नाही चालत. परदेशी बाजारात वायद्याच्या मार्जिनसाठी इथून पैसे पाठवायला परवानगी नाही. 'करून देतो' म्हणणारा बहुतेक वेळा डब्बा चालवत असतो. सौदा कुठंच लागत नाही, तुमचा तोटा हाच त्याचा नफा. पैसे अडकले तर तक्रार कुठं करणार?

वेळ: त्यांचा उन्हाळी वेळ चालू असताना (मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत) बाजार आपल्या पहाटे ५.३० ला उघडतो, संध्याकाळी ६.१५ ला थांबतो, पुन्हा ७ ते रात्री ११.५०. हिवाळ्यात सगळं एक तास पुढं सरकवा. खरी उलाढाल रात्रीच्या सत्रात होते, सकाळच्या मेसेजमधला आकडा रात्रीचा बंद भाव आहे की पहाटेचा पातळ सौदा, हे विचारा. अमेरिकी कृषी खात्याचा मासिक पीक अंदाज उन्हाळ्यात रात्री ९.३० ला, हिवाळ्यात १०.३० ला येतो. त्या रात्री भाव दहा मिनिटांत उलटा होऊ शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी घाईनं माल मोंढ्यात नेऊ नका, दुपारपर्यंत प्लांटचे दर स्थिरावू द्या.

ओलावा: तिथं नंबर २ पिवळं सोयाबीन म्हणजे कचरा २ टक्क्यांपर्यंत, डागी (खराब) दाणे एकूण ३ टक्क्यांपर्यंत, डाळ झालेले दाणे २० टक्क्यांपर्यंत. वायद्यात नंबर १ ला बुशेलमागे ६ सेंट जास्त. ओलावा प्रतीत धरत नाहीत, त्याची वजावट वेगळी. आपल्याकडं प्लांटची अट साधारण १०-२-२ : ओलावा १०, माती-काडी २, डागी २. हमीभाव केंद्रावर ओलावा १२ पर्यंत, २०२४ च्या हंगामात तो १५ पर्यंत सैल केला होता.

कटतीत फसगत होते ती अशी. १५ टक्के ओलाव्याचं १०० किलो घ्या. त्यात कोरडा माल ८५ किलो. १० टक्क्यांवर आणल्यावर वजन ८५ ÷ ०.९० = ९४.४४ किलो. म्हणजे घट ५.५६ टक्के, ५ नव्हे. आडत्यानं साडेपाच किलो कापलं तर तो चोर नाही. पण आठ-दहा किलो कापलं, किंवा वजन कापून पुन्हा भावही उतरवला, तर ती दुहेरी कटती आहे, पट्टीवर दोन्ही लिहून मागा. ओलावा मापताना मशीनमध्ये पोत्याच्या वरचे दाणे घालू नका, वर वाळलेले आणि मधे ओले असतात. शिगानं (पोत्यात खुपसायच्या नळीनं) तीन ठिकाणचा नमुना काढा, मिसळा, मगच मोजा.

उत्तर ६ : गंजगोलाई

त्या १८५० च्या दशकातल्या कोठार-पावतीचं आपल्याकडचं रूप म्हणजे शेतमाल तारण. पणन मंडळाच्या योजनेत बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजानं कर्ज मिळतं. १०० क्विंटल, ४,५०० भाव, ७५ टक्के म्हणजे ३,३७,५०० रुपये. सहा महिन्यांचं व्याज सुमारे १०,१०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे १०१. भाव निदान एवढा आणि वर गोदामातली घट (ओला माल ठेवला तर दोन-तीन किलो सहज) एवढा वाढणार असेल तरच ठेवण्यात अर्थ. माल १२ टक्क्यांच्या वर ओलसर असेल तर बुरशी लागून डागी वाढते, आणि सोडवताना प्रत उतरलेली असते. पावतीवर नुसतं 'सोयाबीन १०० क्विं.' नको, ओलावा आणि डागी टक्केही लिहून घ्या.

आज शिकागो शहरात सोयाबीन जवळपास जातच नाही. वायद्याची पोच इलिनॉय नदीकाठच्या ठिकाणांवर, तीही मालाऐवजी माल चढवून देण्याच्या प्रमाणपत्रानं. अष्टकोनी खड्ड्यात उभं राहून ओरडायचे, तळहात स्वतःकडं म्हणजे घेतो, बाहेर म्हणजे विकतो, ते वायद्याचे खड्डे जुलै २०१५ ला बंद झाले. २००७ मध्ये बोर्ड त्याच गावातल्या मर्कंटाइल एक्स्चेंजमध्ये विलीन झालं. गंमत म्हणजे हे एक्स्चेंज १८९८ ला लोणी आणि अंड्यांचा बाजार म्हणून सुरू झालं होतं. पीक ब्राझीलचं जास्त, गिऱ्हाईक चीन, आणि भाव अजून शिकागोचा धरतात. १९३० च्या इमारतीवर धान्यदेवता सेरेसचा अ‍ॅल्युमिनियमचा पुतळा आहे, त्याला चेहराच नाही. एवढ्या उंचीवर तो कुणाला दिसणार, म्हणून कोरला नाही असं सांगतात.

उत्तर ७ : गोदाकाठ_नांदेड

जाता जाता पाण्याचं. शिकागोची सांडपाण्याची नदी सरोवरात पडायची आणि पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून. विषमज्वरानं माणसं मरायची. जानेवारी १९०० मध्ये ४५ किलोमीटरचा कालवा खोदून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला, घाण मिसिसिपीकडं. खालच्या अंगाच्या सेंट लुईसवाल्यांच्या वतीनं मिसूरी राज्य कोर्टात गेलं, १९०६ ला हरलं. जायकवाडीच्या वरच्या-खालच्या पाण्याचं भांडण ज्यांना माहीत आहे त्यांना या निकालात रस वाटेल. सेंट लुईसला विषमज्वर शिकागोच्याच पाण्यानं होतो हे सिद्ध झालं नाही, एवढ्यावर तो फिरला.